सासऱ्यांचा एमआरआय

माझे सासरे कर्जतकडचे शेतकरी. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी ऊस, पाऊस आणि 'जेवण झालं का' यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पाव्हनं. त्यामुळे लघवीचा त्रास सुरू झाल्यावर ते पोटच्या पोरांना काही न सांगता थेट केडगावला माझ्याकडे आले आणि माझ्या बायकोलाही एवढ्यात सांगू नका म्हणाले, याचं मला नवलच वाटलं.

नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्रोस्टेटमधल्या बिघाडाची खूण देणारा पीएसए वाढलेला होता. प्रोस्टेटच्या गाठीत कॅन्सर आहे का ते बघायला हवं, पण सुई टोचण्याआधी एमआरआय करू, म्हणजे संशयाची जागा कळेल आणि नेमका तिथलाच तुकडा काढता येईल, असं ते म्हणाले.

मामांनी मान डोलावली. "आदी पानी बघायचं, मंग बोर घ्यायचा. बराबर हाय."

सेंटरमध्ये फॉर्म मलाच भरावा लागला, कारण त्यांचा चष्मा गावी राहिला होता. 'रात्री लघवीला किती वेळा उठता?' हे सासऱ्यांना विचारायची पाळी कुठल्याही जावयावर येऊ नये. मी भिंतीकडे बघत विचारलं. त्यांनी छताकडे बघत सांगितलं, "चार. लिवा पाच." पुढचा प्रश्न वैवाहिक जीवनाचा होता. तिथे मी न विचारताच रेघ मारली.

कमरेचा चांदीचा करदोडा मोठ्या नाखुशीने माझ्या हवाली करून मामा आत गेले. त्रास झाला तर दाबा, म्हणून त्यांच्या हातात रबरी फुगा दिला होता. वीसेक मिनिटांनी घंटी वाजली. यंत्र थांबलं. ते चालवणाऱ्या बाई धावल्या, त्यांच्यामागे दारापर्यंत मीही.

आतून मामांचा आवाज आला, "पाव्हन्यांनी च्या घेतला का?"

"घेतला, मामा," मी बाहेरूनच सांगितलं. बाईंनी दार लावलं आणि तपासणीचा अर्धवट राहिलेला भाग पहिल्यापासून सुरू केला.

फोटोत एका बाजूला लहानसा डाग दिसला. तिथला तुकडा तपासला, तर कॅन्सर निघाला. पण सुरुवातीचा आणि संथ. ऑपरेशनची घाई नको, ठरावीक काळाने तपासत राहू, असं डॉक्टर सांगत होते, तेव्हा मामांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. गाडीपाशी येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग इतके दिवस लपवलं म्हणून माझ्यावर उखडली. तिचं बोलणं संपेपर्यंत मामा तीन भाकरी खाऊन आडवे झाले होते.