मोठीआईने बोट ठेवलं ती जागा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमगावच्या आमच्या घरात देवस्कीला कधी थारा मिळाला नाही. तेव्हा कॉमेंटमध्ये उतारे-बितारे सुचवू नका!

मी कॉम्प्युटरवर औषधांचे रेणू डिझाइन करते. गेल्या वर्षी घरूनच काम चालू होतं. दोन प्रोटीन होती, सख्ख्या बहिणींसारखी. एक आजार वाढवतं, दुसऱ्याच्या जिवावर हृदय चालतं. पहिलं बंद पाडायचं, दुसऱ्याला हातही लावायचा नाही. पण औषध बसतं तो खळगा दोन्हींत हुबेहूब... दोन वर्षं डोकं फोडलं. शेवटी मेल आला, शुक्रवारपर्यंत फरक सापडला नाही तर प्रोजेक्ट बंद.

त्या दुपारी मोठीआई, म्हणजे माझी थोरली काकू, शेजारी येऊन बसली. आयुष्यभर बांधीत, म्हणजे भातखाचरात, उभी राहून धानासारखंच दिसणारं तण वेचून उपटत आलेली बाई. आता दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळी. मी वैतागून म्हटलं, "दोन्ही सारखेच दिसून राहिले ना मोठीआई!"

तिने हात पुढे केला. चाचपडली नाही, बोट थेट स्क्रीनवर. "सारखे कुठी हायेत व पोरी? हे इथं मुडपलेलं हाये."

खळग्याच्या पार मागची बाजू. तिथे आमच्यापैकी कोणी बघितलंच नव्हतं.

मीही हट्टी. चित्रांची अदलाबदल केली, तरी बोट पहिल्याच प्रोटीनवर. मग काही न बोलता स्क्रीन बंद केला.

"आता कायले झाकून ठेवलंस?"

अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू.

तिथे खरंच एक घडी निघाली, फक्त पहिल्यात. प्रोजेक्ट वाचला. त्या घडीत बसणारा रेणू रचला आणि पुढे लॅबच्या चाचणीत पहिलं प्रोटीन थांबलं, हृदयाचं जसंच्या तसं चालू राहिलं.

शेजारीण म्हणाली, "हिच्या अंगात येते." बॉस म्हणाले, "रिपोर्टमध्ये सॉफ्टवेअरने शोधलं असं लिही." दोघांनाही नाही म्हटलं. जागा कोणी दाखवली, तिथे मोठीआईचं नाव लिहिलं. रिपोर्ट परत आला, मी पुन्हा तेच लिहिलं. मग प्रोजेक्टच माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिला.

घरी सांगितलं तर मोठीआई म्हणते, "औषध तं बनून राहिलं ना? मंग कायले रडून राहिली?"

रडत नव्हते हो, संतापले होते! तिला काय दिसलं, कसं दिसलं... मला आजही सांगता येत नाही. आणि ज्यांना हा योगायोग वाटतो त्यांनी आमगावला यावं, डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि बोट ठेवून दाखवावं.