अक्कांचा एक सेकंद

“अक्का, वाढवा ती मर्यादा, वाढवा!” मी ओरडत होतो. नशिराबादच्या आमच्या शेडमध्ये वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाचं जेट इंजिन चाचणीला लावलेलं. आकार कळशीएवढा, आवाज असा की तिकडे सावद्याला केळीचे घड मुदतीआधी पिकले असतील. खरेदीला आलेले पाहुणे घड्याळ धरून उभे. हुकूम सुटल्यापासून चार सेकंदांत इंजिनाने पूर्ण जोर धरायचा होता. लागले पाच. ऑर्डर गेली तर शेडला कुलूप, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक.

इंजिनाला कधी किती इंधन पाजायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम सुनंदाअक्कांचा. आतली उष्णता ठरलेल्या मर्यादेजवळ आली की तो इंधन आवरायचा. धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन त्या रोज एसटीने आमच्याकडे यायच्या. परवा त्यांना जाऊन महिना झाला... आणि मला सारखी ती दुपारच आठवते.

“वीसच डिग्री, अक्का. आजच्यापुरती,” मालक अनिलभाऊ कानाशी लागले. मर्यादेहून जास्त तापलं की आतली पाती नरम पडतात, हे त्यांनाही माहीत होतं.

अक्कांनी चष्मा पुसला. “आज पातं दुसरा धातूनं व्हयनं का, भाऊ?” पातं बदललं नव्हतं, म्हणून मर्यादाही त्यांनी बदलली नाही.

पाहुणे चहाही न घेता उठले. दिवाळीनंतर पुन्हा बघू, एवढं मात्र म्हणाले.

पुढचे चार महिने अक्का त्या एका सेकंदाच्या मागे. डबा उघडायचा विसरायच्या, मग तो मी संपवायचो. माझं वजन तेव्हाच वाढलं. शेवटी सापडलं काय, तर तापमान मोजणारी तारच आळशी! आतली उष्णता ती उशिरा सांगायची, म्हणून प्रोग्रॅम भीतीपोटी फार अलीकडेच हात आखडायचा. अक्कांनी वेग, दाब, इंधन यांवरून खरी उष्णता क्षणोक्षणी आधीच ताडायला त्याला शिकवलं. न दिसणारी आग आकड्यांतून ओळखणारी बाई! मी आयुष्यभर नटबोल्टांवर पाने फिरवले, पण आग ओळखायला मला अजून हात भाजून घ्यावा लागतो.

दिवाळीनंतर इंजिनाने चार सेकंदांच्या आत झेप घेतली. पाहुण्यांनी तिथेच ऑर्डर दिली, अनिलभाऊ कोपऱ्यात जाऊन रडले. मी अक्कांजवळ सरकलो आणि हळूच विचारलं, “खरं सांगा, गुपचूप किती वाढवली मर्यादा?”

“नाही वाढवली. तीच शे.”