राखून ठेवलेली कडवी

माणसाला निरोप कसा द्यावा हे उभ्या नाशिक जिल्ह्यात फक्त एकाच गृहस्थांना कळतं, आणि ते गृहस्थ माझे मामेसासरे आहेत. निरोप कसा घ्यावा हे मात्र त्यांना अजिबात कळत नाही. आमच्याकडून निघताना ते दिवेलागणीला "बरं, येतो" म्हणतात. मग उभ्या उभ्या एक विषय निघतो, चप्पल शोधताना दुसरा, जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिसरा, आणि फाटकाला हात लावला की आपण मुळात कशासाठी आलो होतो ते त्यांना आठवतं. ते सांगायला ते पुन्हा वर येतात. माझी बायको त्यांची सख्खी भाची. मामा "येतो" म्हणाले की ती दाराकडे जात नाही, ओट्याकडे जाते आणि कुकर लावते.

मामांची सगळी नोकरी नाशिक रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात झाली. "माल बुक झाला म्हणजे पोचला पाहिजे, आणि पोचला म्हणजे पोचल्याचं कळलं पाहिजे," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. ते त्यांनी निवृत्तीनंतर माणसांना लागू केलं. त्यांच्या घरून निघालेल्या माणसाने घरी पोचल्याचा फोन केला नाही तर मामा जेवायला बसत नाहीत. मामांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत; मी एकदा त्यांच्याकडून निघून वाटेत रसवंतीवर रेंगाळलो. घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी. "अहो, फोन करा आधी. ताट वाढून बसलेत ते. मामींचाही खोळंबा झालाय."

पण मामांची खरी किमया बघायची तर आमच्या श्रोते मंडळात. दिंडोरीकडचे एक शाहीर दर रविवारी संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये गायला येत. आठवडाभर द्राक्षबागेत छाटणी करायची आणि रविवारी हातात एकतारी घ्यायची. शेजारी लेक खंजिरी घेऊन बसायची. भीमगीतं तर होतीच, पण लोक यायचे ते शाहिरांच्या स्वतःच्या गाण्यांसाठी. या गाण्यांत गोष्ट असायची, आणि गोष्टीची गाठ नेहमी शेवटच्या कडव्यात सुटायची. "जय भीम, मंडळी" म्हणून शाहिरांनी तार छेडली की आमची कॉलनी टीव्ही बंद करायची. यापेक्षा मोठी दाद मला तरी ठाऊक नाही.

मामा या मंडळाचे स्वयंघोषित प्रमुख. गाण्यातलं त्यांना काय कळतं, असा प्रश्न फक्त नवा माणूस विचारायचा. मामांना सूर नाही. म्हणजे थोडा कमी आहे असं नाही, अजिबात नाही. सुरुवातीच्या काळात ते कोरसमध्ये गायला लागले तेव्हा शाहिरांनी एकतारी बाजूला ठेवून हात जोडले होते. "मामा, तुमी लय मनापासून गाता. पण तुमी टाळ्या वाजवा." मग मामांनी टाळ्या सुरू केल्या, तर शाहिरांची लेक खंजिरी चुकायला लागली. शेवटी तडजोड झाली, मामांनी फक्त मान डोलवायची. डोलवताना ते डोळे मिटत आणि भर मे महिन्यातसुद्धा कानटोपी घालून बसत. "ऐकलेलं सांडू नये म्हणून," असं त्याचं कारण ते गंभीरपणे सांगत.

आमच्या मंडळात एक पद्धत होती. कुणाची बदली झाली, कुणी मुलाकडे पुण्याला राहायला निघालं, कुणाचं लग्न होऊन सासर लांब पडलं, की मामा त्याचा निरोपसमारंभ करत. शाल, गुलाबाचा हार, मामांचं भाषण (यात जाणारा माणूस हमखास रडायचा आणि त्याच्या आधी मामा), आणि मग शाहिरांनी जाणाऱ्याच्या आवडीचं गाणं म्हणायचं. पण पूर्ण नाही. शेवटचं कडवं राखून ठेवायचं. ते परत आल्यावर. ही पद्धत पडली ती लाइट गेल्यामुळे. एका बाईंच्या निरोपाला शेवटच्या कडव्यापाशी लाइट गेली, अंधारात लहान मुलं रडायला लागली, आणि गाणं तिथंच राहिलं. पुढच्या दिवाळीत त्या बाई नवऱ्याला घेऊन दारात हजर. "राहिलेलं ऐकवा हो, वर्षभर कानात अडकलंय." मामांनी मांडीवर थाप मारली. "बघा! माल अर्धा आपल्याकडे ठेवला की माणूस सोडवायला येतोच!"

तेव्हापासून सगळ्यांचीच कडवी राखली जायला लागली. सुरगाण्याला बदली झालेल्या एका शिक्षिकाबाईंचं राहिलं. आणि बँकेतल्या कॅशियरांची तर गंमतच झाली. ते मंडळात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते तोच नागपूरला बदली झाली. त्यांच्या निरोपाला शाहिरांनी नवंकोरं गाणं म्हटलं. पोरीचं नाव शाळेत घालायला निघालेली एक बाई फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी आहे. ऊन चढतंय, एस.टी. येत नाही, शाळेची वेळ टळत चाललीय, आणि इथेच गाणं थांबलं. शेवट कुणीच ऐकलेला नव्हता. कॅशियर बिचारे नागपूरहून मामांना फोन करायचे. "मामा, एवढं सांगा, एस.टी. आली का शेवटी?"

"नागपूरहून रोज गाडी सुटते," मामा म्हणायचे. "तिच्यात बसा आणि स्वतः येऊन बघा."

पुढे काळ बदलला. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. तो मामांना मनापासून आवडला, कारण त्यावर माणूस संदेश पोचल्याची खूण देतो. एके सकाळी तिथे बारीक अक्षरात उमटलं की आमच्यातले एक सभासद ग्रुप सोडून गेले. हे दोन गल्ल्या पलीकडे राहणारे कंपाउंडर. संध्याकाळी मामा शाल, हार आणि आम्हा सात-आठ जणांना घेऊन त्यांच्या दारात. कंपाउंडरांच्या बायकोने दार उघडलं, समोर हार आणि उतरलेले चेहरे बघितले आणि किंचाळलीच, "अहो, काय झालं ह्यांना?" तिच्या मागे 'हे' स्वतः बनियनवर मेथी निवडत बसले होते. फोनमधली जागा भरली म्हणून चिरंजीवांनी चार ग्रुप काढून टाकले होते, इतकीच भानगड. आम्ही माघारी वळलो, पण मामा हलले नाहीत. "हार आणलाय ना? मग घालून घ्या." भाषणही झालं. मेथीच्या जुडीसकट माणूस रडला. आणि पुढच्या रविवारी त्यांच्या आवडत्या गाण्याचं शेवटचं कडवं नियमाप्रमाणे राखलं गेलं. कंपाउंडर समोर बसून ओरडत होते, "अरे, मी कुठे गेलोय? इथंच आहे की!" मामा म्हणाले, "निरोप झाला म्हणजे झाला."

असं सगळं छान चाललं असताना, एका रविवारी शाहिरांनी गाणं संपल्यावर एकतारी मांडीवर आडवी ठेवली. "मंडळी, गळा आता साथ देत नाय. दिवाळीपर्यंत मी येईन. म्होरं माझी लेक गाईल. ती माझ्यापेक्षा चांगली गाती, हे तुमाला ठावं हाय, फक्त तोंडावर कुणी बोलत नाय." लोक हसले. लेक खंजिरीच्या चामड्यावरून बोट फिरवत खाली बघत होती. आणि पहिल्या रांगेत मामांनी कानटोपी काढली. मंडळाच्या इतिहासात प्रथमच.

रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही, असा मामींचा सकाळी सकाळी फोन. मी गेलो. मामा खिडकीशी बसले होते. मला वाटलं शाहिरांच्या निरोपाचं दुःख असेल. म्हटलं, "मामा, शाहिरांची लेक गाणारच आहे. गाणी काही जात नाहीत."

"गाण्यांचं नाही हो, जावईबापू. पोरगी बापाच्या वर जाणार आहे. पण कडवी राहिलीत ना लोकांची! जाणाऱ्या प्रत्येकाला मी काय सांगितलं? शाहीर राखून ठेवतील, तुम्ही या. उद्या कुणी आलं आणि शाहीरच नाहीत, तर माझ्या तोंडाकडे बघतील. बुकिंग माझ्या शब्दावर झालंय."

"लेक म्हणेल की ती कडवी."

"तिनं म्हटली तर ते नवं गाणं होईल. राहिलेलं त्याच गळ्यातून यायला हवं." आणि मग, हळू आवाजात, "निवृत्त होताना माझ्या टेबलावर एक पार्सल शिल्लक नव्हतं, जावईबापू. एकसुद्धा."

त्यानंतरचे दिवस मामा फोनवरच राहायला होते. कुणाचं कुठलं कडवं राहिलंय ते त्यांना तोंडपाठ. "कोण? मी नाशिक रोडहून बोलतोय. तुमची एक वस्तू आमच्याकडे पडून आहे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी घेऊन जा." अर्ध्या लोकांना ही फसवणूक वाटली आणि त्यांनी फोन कापला. मामांनी पुन्हा लावला.

आणि आले हो लोक! हॉल भरला, पायऱ्या भरल्या. शिक्षिकाबाई सुरगाण्याहून जीपने आल्या, नागलीचे पापड घेऊन. कॅशियर रात्रभरच्या प्रवासाने चुरगळलेल्या शर्टात. ज्यांना येणं जमलं नाही त्यांचे फोन लावून स्टेजच्या कडेला ओळीने मांडले होते, त्यातून मध्येच कुणाच्या तरी घरचा मिक्सर ऐकू यायचा. शाहिरांनी जपून, गरम पाणी पीत पीत, एकामागून एक फक्त शेवटची कडवी म्हटली. असा कार्यक्रम दुसरीकडे झाला असेल असं वाटत नाही. पहिल्यांदाच आलेल्या एका कॉलेजकन्येने मला कानात विचारलं, "काका, प्रत्येक गाणं सुरू झालं की लगेच संपतंय का?" मी म्हटलं, "बाळ, सुरुवात होऊन बरीच वर्षं झाली."

एस.टी.चं कडवं आलं तसे कॅशियर उभेच राहिले. शाहीर डोळे बारीक करून गायला लागले. बाई वाट बघून कंटाळते आणि पोरीचा हात धरून चालायला लागते. शाळेच्या फाटकाशी पोचते तेव्हा मागून एस.टी. येते, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, आणि बाई हात हलवून तिला म्हणते, जा बाई तू पुढं. हॉलमध्ये टाळ्या. कॅशियर मात्र डोक्याला हात लावून, "म्हणजे ती चालत गेली? आणि मी इतकी वर्षं त्या एस.टी.ची वाट बघतोय!"

"आता तरी कळलं ना," शाहीर म्हणाले, "वाट बघायची नसती."

कंपाउंडरांना शेवटी त्यांचं कडवं मिळालं. त्यांनी ते उभं राहून, हात बांधून, अगदी परगावाहून आल्यासारखं ऐकलं. मग मामा शाल घेऊन उठले. शाहिरांच्या खांद्यावर ती पांघरली आणि भाषणासाठी आमच्याकडे वळले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतक्या लोकांना रडवणारा माणूस, त्याला शब्द सापडेना.

शाहीरच सोडवायला आले. "भाषण ऱ्हाऊ द्या. पन माझं गानं कुठंय? जानाऱ्याला गानं लागतं ना? तुमचाच कायदा हाय."

लेकीने एकतारी उचलली. शाहिरांनी तिचा हात धरला. "तू नाय. तू घरातली. घरातल्यानं कसला निरोप द्यायचा? मामा म्हंतील."

हॉलमधले लोक काळजीने सावरून बसले. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली, कारण मला हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं. मामा घसा खाकरून सुरू झाले. शाहिरांचं सगळ्यात जुनं गाणं, रातशाळेचं.

"कंदील धरला माईनं, निघालो रातशाळेला,
काच पोळली तिच्या हाता, उजेड माझ्या पाटीला."

काय सांगू! एका ओळीत सूर चार गावं फिरून आला. लेक खंजिरीवर त्यांचा पाठलाग करत होती. पहिल्या कडव्याला लोक तोंडात पदर आणि रुमाल कोंबून बसले होते. दुसऱ्याला रुमाल डोळ्यांकडे गेले. शाहीर मात्र मान डोलवत होते, डोळे मिटून, अगदी मामांसारखे. शेवटच्या कडव्यात तो मुलगा मोठा होतो आणि कंदील आपल्या हातात घेतो. ते कडवं आलं तसं शाहिरांनी सवयीने सूर लावायला तोंड उघडलं. मामांनी बोट हलवलं.

"अंहं. ते राखून ठेवलंय. आल्यावर."

शाहीर असे हसले की शाल खांद्यावरून घसरली.

आता लेक गाते. फाट्यावरच्या बाईची पोर पुढे शाळेत काय करते यावर तिने स्वतःचं गाणं बांधलंय, तरुण पोरं त्यावर फिदा आहेत, आणि हॉल पूर्वीपेक्षा लवकर भरतो. मामा पहिल्या रांगेत कानटोपी घालून असतातच. अधूनमधून दिंडोरीहून फोन येतो. "मामा, माझं एक कडवं हाय तुमच्याकडं." मामा म्हणतात, "तयार आहे, या." शाहीर म्हणतात, "छाटनी उरकली की येतो." छाटणी उरकत नाही आणि दोघांनाही घाई नाही. मामा रोज सकाळी गच्चीवर त्या कडव्याची तालीम करतात. शेजारचे खिडक्या लावून घेतात. आमच्या घरापर्यंत आवाज येतो, मी खिडकी उघडी ठेवतो.

परवा संध्याकाळी असेच आले, बसले, "येतो" म्हणाले. दाराशी एका पायात चप्पल घालून थांबले. "जावईबापू, माझं आवडतं गाणं कुठलं ते लक्षात आहे ना?"

"रातशाळेचं. का? कुठे निघालात?"

"छे, मी कुठे जातोय! पण कधी तशी वेळ आली तर पूर्ण म्हणू देऊ नका कुणाला. शेवटचं राखायचं."

आतून बायकोचा आवाज आला, "मामा, भात टाकलाय."

मामांनी चप्पल काढली आणि आत आले.