तळावर न बोलायचा शब्द

केराबाई माझी थोरली जाऊ. सांगोल्याकडं मेंढरं राखली, आता सोलापुरात आमी दोघी कडक भाकरी करून विकतो. बाई लई हट्टी! आमच्यात मेंढरांच्या तळावर 'भ्याले' म्हणायचं न्हाय. माणूस भ्यालं की मेंढरं उधळत्यात, असं सासूनं शिकवलेलं. लांडगा आला तरी केराबाई काठी घेऊन उभी, तोंडातनं शब्द न्हाय. तिची पोरगी दिपाली डॉक्टरी शिकायला रशियाला निघाली, तवाबी हिनं तेच बजावलं, "काय बी होऊ दे, भ्याले म्हणायचं न्हाय."

पहिल्या वर्षी दिपाली फोनवर तिथल्या भाषेच्या गमती सांगायची. "आई, 'मी भिते' याला हितं 'बायूस' म्हणत्यात. नुसत्या भिण्याला पोलंडात 'बाच शे', चेकमधी 'बात से', सर्बियात 'बोयाती से'. सगळ्यांचा बाप जुन्या स्लाव लोकांचा शब्द, 'बोयाती सें'. तो कुटं लिहिलेला घावत न्हाय. लेकरांची तोंडं ताडून शिकल्यासवरल्यांनी बापाचं तोंड जुळवलं. त्याच्याबी मागं गेलं की आपलं भिणं आन् त्यांचं एकाच घरचं!"

"शिकायला धाडलीया का भ्या हुडकायला?" केराबाई फिसकन हसली.

यंदा दिपालीच्या तिकडच्या गावावर लढाईतले ड्रोन यायला लागले. मला घास गोड लागंना. रोज फोनवर पोरीला विचारायचं, रोज उत्तर, "बरी हाय." मी केराबाईला म्हणायची, "बोलवून घ्या की पोरीला!"

"ती भ्याली असती तर बोलली असती."

"बोलंल कशी? तोंड तुमीच शिवलंय की!" मी तोंडावर सांगितलं. तिनं पाठ फिरवून पिठाची परात पुढं ओढली.

परवा दुपारी फोन आला. केराबाईचे हात पिठात, म्हणून मी स्पीकर लावला. मागं हल्ल्याचा भोंगा वाजत हुता, पोरगी धापा टाकत हुती.

"दिपे, काय झालं गं?" केराबाईनं विचारलं.

"काय न्हाय आई. तळघरात हाय." मग बारीक आवाजात म्हणाली, "बायूस, आई. लई बायूस."

तव्यावरची भाकरी करपली तरी केराबाई हलंना. मग फोनाकडं वाकली.

"मी बी भ्याले गं. रोजच भ्याले. तू ये."

पलीकडं पोरगी हुंदके द्यायला लागली. "आई, तू म्हणलीस..."

"म्हणले. हितं कुटं मेंढरं हायत उधळायला? तू ये."

"येते," एवढंच ऐकू आलं. भोंगा काय थांबंना.