काशिनाथने दुसऱ्यांदा धरलेलं हँडल

बर्फातल्या त्या पोस्टवर मी नर्सिंग असिस्टंट होतो. मी मुरबाडकडचा, धसईचा. नायक काशिनाथ शहापूरकडचा, शेणव्याचा. गाववालेच म्हणायचे. बर्फात बसून भाताच्या गप्पा मारायचो.

त्या दिवशी सकाळी सहाला ड्युटी बदलली. काशिनाथ आत आला, ग्लोव्हज काढले, आणि बंकरमधली बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, भडकली. एका अंगाला ॲम्युनिशनच्या पेट्या. मागे जवान झोपलेले, आणि त्यांची बाहेरची वाट बुखारीला लागूनच.

काशिनाथने बुखारीचं हँडल धरलं. हात झटकन मागे आला.

लोक इथेच चुकतात, म्हणून सांगतो. चटक्याची खबर मज्जारज्जूपर्यंत पोचली की हात मागे घेण्याची ऑर्डर तिथूनच सुटते. मेंदूला मागाहून कळतं. हेडक्वार्टरला विचारत बसलो तर हात जळेल. यालाच रिफ्लेक्स म्हणतात. पण मेंदूने ठरवलं तर तो ही ऑर्डर दाबू शकतो.

काशिनाथने हँडल पुन्हा धरलं.

"दार उघड."

मी उघडलं. पेटती बुखारी घेऊन तो माझ्या समोरून गेला. हात सुटला नाही. बर्फात बुखारी टाकली तेव्हा सांडलेल्या तेलाने त्याची छाती पेटली होती. आम्ही त्याला बर्फात लोळवून विझवलं.

मी रेडिओवर कळवलं, "कॅज्युअल्टी एक, भाजलेला, सिरियस. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"हवामान खराब. थांबा. ओव्हर."

मी ड्रिप लावली. त्याने विचारलं, "सगली बाहेर आली ना रे?"

"आली."

हेलिकॉप्टर दुपारी आलं. काशिनाथ तोवर गेला होता. त्याला धरून मी रडलो.

रिटायर झाल्यावर त्याच्या स्मृतिदिनाला शेणव्याला गेलो. एक पाहुणे भाषणात म्हणाले, "ही जवानाची रिफ्लेक्स ॲक्शन." माझं डोकं फिरलं. उठून म्हणालो, "साहेब, रिफ्लेक्सने त्याचा हात मागे घेतला होता. पुढे केला तो त्याने स्वतः."

काशिनाथची आई पुढेच बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती मला जेवायला घरी घेऊन गेली. चुलीवर भात शिजत होता.

"मीच शिकवलेला रे त्याला," ती म्हणाली. "टोप उतरवताना चटका बसला तरी सोडायचा नाय. भात सांडला तर घरातली सगली उपाशी रातील."

भात शिजला. टोप उतरवायला मी पुढे झालो.

"थांब," म्हणाली, आणि आधी माझ्या हातात फडकं दिलं.