हिल्माने घासलेली रायफल

हिल्मा कार्वोनेनला डाग म्हणून खपायचा नाही. अमेरिकेत, उत्तर मिशिगनातल्या त्या गावात बर्फ, चिखल आणि काजळीपुढे बाकीच्या बायांनी कधीच हात टेकले होते, हिल्माने नाही. नवरा आर्विड शिकारीहून आला की बूट काढल्याशिवाय त्याला पायरी चढू देत नसे. त्याच्या बापाच्या जुन्या, खालची कडी ओढून भरायच्या रायफलीवर तर तिचा खास राग.

"काय ते लाकूड, मळानं काळंकुळकुळीत! आण इकडे, घासून देते."

"हात लावायचा नाही," आर्विड म्हणायचा. उभ्या संसारात त्याने बायकोला घातलेली ही एकच बंदी.

उन्हाळ्यात आर्विड वारला. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडणार आणि शिकारीच्या खोपीत त्याची खाट रिकामी राहणार, हे काही तिला सोसेना. त्याच्या जागी आपणच जायचं, तिने ठरवलं. पण रायफल जड, आणि दणका असा की खांदा निखळावा. ती देऊन हलकी घ्यावी. बरं, द्यायची तर नीट करून तरी द्यावी! तिने तारेची घासणी घेतली, पॉलिश पेपर घेतला, वर वॉर्निशचे दोन हात दिले. रायफल लखलखली.

कापडात गुंडाळून ती बंदुकांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार डेल्बर्ट हा आर्विडचा खोपीतला जोडीदार. त्याने आधी एक आखूड, हलकी रायफल पुढे ठेवली. हिल्माने ती खांद्याला लावली, खालची कडी ओढून पाहिली. अगदी मापात बसली.

"केवढ्याला?"

"सहाशे डॉलर. पण वहिनी, आर्विडची दिलीत तर उलट मलाच वर हजारेक द्यावे लागतील. काढा बघू."

तिने कापड सोडलं. डेल्बर्टने टोपी काढून डोकं खाजवलं.

"अरे देवा! हे कुणी केलं?"

"मी. का? घाण होती नुसती."

"अहो, जुन्या बंदुकीत त्या घाणीलाच तर मोल! पोलादाचा मूळचा रंग गेला, अक्षरं पुसट झाली. आता तीनशेच्या वर कोणी देणार नाही." तिचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "जाऊ द्या. बरोबरीत न्या ही. आर्विडसाठी."

हिल्माचं पैशाकडे लक्षच नव्हतं. "आणि नळीखालच्या लाकडावर ते काळं होतं, ते?"

"तिथं त्याचा डावा हात असायचा. त्याच्या आधी बापाचा. आम्ही चिडवायचो त्याला, लेका, बायकोचा हात तरी एवढा धरतोस का?"

हिल्माने रायफल पुन्हा गुंडाळली.

"अहो वहिनी, खांदा निखळेल!"

"निखळू दे मेला," ती म्हणाली आणि निघाली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ती आर्विडच्या नेहमीच्या ओंडक्यावर बसली. मांडीवर तीच जड रायफल. तिने डावा हातमोजा काढला आणि नळीखालच्या लाकडावरून हात फिरवला. सगळीकडे सारखंच गुळगुळीत.

"एकदा तरी विचारायचं होतं मी," ती मोठ्यानेच म्हणाली, "का हात लावू देत नाहीस म्हणून."

आवाजाने समोरचं हरण उधळलं. तिने तिकडे पाहिलंही नाही. नेमका कुठे धरायचा तो, हे काही तिला सापडेना. शेवटी तिने अंदाजानेच हात ठेवला.