साड्यांच्या कुंपणापलीकडची तार

मी पदवीधर झालो तो सुनंदावहिनींमुळे. कॉलेजच्या तीन वर्षांत शेतातलं माझ्या वाट्याचं कामही त्यांनीच उरकलं. आता मी यवतमाळला नोकरीला, दादा ट्रकवर असतो. चार एकर त्याच पाहतात, आणि सगळा कापूस. एकदा बोंडअळी आली की वर्ष गेलं. म्हणून मीच सुचवलं, एका एकरात उन्हाळी भुईमूग घ्या. त्यांनी लगेच एकरभर कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या, शेंगा फोडून बी तयार केलं. "तुमी शिकलेले, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मला त्या विश्वासाचीच भीती वाटू लागली. भुईमूग मी पुस्तकातच पाहिला होता. पैनगंगेपलीकडे नार्नूर भागात कापसासोबत तो घेतात असं कळलं, म्हणून पेरणीआधी पाहायला निघालो.

पांढरकवड्याहून बस पैनगंगा ओलांडून आदिलाबादला आली. मावला गावापुढे दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीचा विटका कापूस. गुडीहत्नूरला गाडी बदलताना मिरची भजी खाल्ली आणि तोंड पोळून घेतलं. उटनूरनंतर टेकड्या लागल्या. नार्नूरच्या अलीकडे उतरलो, तर एका शेताभोवती लाल, हिरव्या, जरीच्या साड्या बांधलेल्या. लग्नाचा मांडव समजून मी बांधावरून निघालो.

"थांब बापू. पाय उचलू नको."

विळा घेतलेल्या एका म्हातारीनं माझा दंड धरून मला मागे ओढलं. त्या सायनाबाई. साड्या त्यांच्याच, रानडुकरं बुजावीत म्हणून बांधलेल्या. पलीकडच्या गवतात घोट्याएवढ्या उंचीवर बारीक तार होती. त्यांच्या शेताचा शेजारी डुकरांसाठी तिच्यात रात्री वीज सोडतो. आता तर दिवस आहे, मी म्हणालो.

"दिवसा बंदच असते. पन त्यानं बटन बंद केलं का न्हाई, हे तुले पाय ठेवून पाहाचं हाय का?"

मी दोन पावलं मागे सरलो. त्यांनी बसवून भाकरी आणि पल्लीची (भुईमुगाची) चटणी दिली. मग त्या सांगू लागल्या. कापसाला डुक्कर सहसा तोंड लावत नाही. "सारा गाव कापसाचा अन् एकटी माझी पल्ली. मंग सारे डुकरं माह्याच घरचे पाव्हणे." ते पाहुणे जाता-येता शेजाऱ्याची कापसातली तूर तुडवू लागले, म्हणून त्यानं तार लावली. गेल्या साली तिला चिकटून सायनाबाईंचा बैल मेला. आता पाच घरं लागून लागून पल्ली पेरतात आणि पाळीनं राखतात. नासाडी वाटली गेली. शेजारी मात्र तार काढत नाही.

थांब्यापर्यंत मी रस्त्याच्या मधोमध चाललो. प्रत्येक बांधाच्या गवतात मला वहिनींचे पाय दिसत होते. त्या उजाडायच्या आत शेतात जातात.

फोनवर त्या माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतात. म्हणून यवतमाळला परतताच लिहून काढलं आणि गावच्या एसटीच्या वाहकाकडे दिलं:

"वहिनींना नमस्कार. पेरणी थांबवा. शेंगा माझ्या सांगण्यावरून फोडल्यात, ती चूक माझी. भुईमुगात खोट नाही, धोका एकट्यानं पेरण्यात आहे. सारी रानडुकरं त्याच एका शेतावर येतात, आणि त्यांच्यासाठी शेजारी बांधावर विजेची तार लावतात. लागूनच्या दोन घरांना विचारा. ती सोबत पेरणार असतील तरच पेरू. राखणीला मी रजा काढून येईन. नाहीतर एकर पडीक राहू द्या. उजाडल्याशिवाय शेतात जाऊ नका, आणि दुसऱ्याच्या बांधावरून तर नकोच. वाचून लगेच हो म्हणू नका, मला उलट विचारा. तुम्ही मला शिकवलंत, पण भुईमूग मी अजून पिकवलेला नाही.

तुमचा, रमेश"